इसार

कळमन्याच्या बाजारात माझा गाळा आहे, एकवीस वर्षं झाली.
संत्र्याचे दोन बहार मला झोपेतही कळतात.
आंबिया, थंडी पडता पडता उतरणारा.
मृग, होळीच्या आगेमागे येणारा, उशिरा पण गोड.
एका झाडाकडून दोन्ही मागू नयेत.
एक ठरवायचा, पाणी तोडायचं,
पानं मलूल होईस्तोवर ताण द्यायचा.
मग झाड घाबरून फुलतं.

ऑक्टोबरात आर्द्रा लॅपटॉप घेऊन गाळ्यावर आली,
क्रेट पालथं घालून बसली.
'बाबा, नोव्हेंबरात एकाच कॉलेजला शब्द द्यायचा.
ते हो म्हणाले तर जावंच लागते, बाकी अर्ज मागे.
उत्तर डिसेंबरात.
नाहीतर जानेवारीत दहा ठिकाणी भरायचं
आन् मार्च संपेपर्यंत वाट पाहायची.'

'म्हणजे इसार,' मी म्हटलं.
'काय?'
'फुलावर बाग विकणं. फळ किती टिकल, भाव काय निघल,
कोणालेच ठाऊक नाही. पण चिठ्ठी झाली की झाली.'

ती हसली नाही.
'पहिल्या फेरीत शंभरातले वीस घेतात,' म्हणाली, 'दुसरीत पाच.'
'पहिल्या फेरीत माल कोणाचा येते?'
ती जरा गप्प राहिली.
'ज्यांचा आधीच पुसून, निवडून पेटीत भरला असते, त्यांचा.'
बाजारात वाढलेली पोरगी.

'अन् तुही श्रावस्ती काऊन नाही भरत?'
'तिले स्कॉलरशिपचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात.
एकाच व्यापाऱ्याले बाग दाखवली
तर भाव कसा समजल, बाबा?'
हा प्रश्न मला
आजवर एकाही बागायतदारानं विचारला नव्हता.

पालकाची सही लागते. हिनं तीन दिवस विषय काढू दिला नाही.
चौथ्या रात्री मी मोबाइलवर बोटानं सही केली,
पहिलीतल्या पोरानं केल्यासारखी वाकडी.
काटोलच्या, वरूडच्या, सावनेरच्या माणसांना
मी किती वेळा म्हटलंय,
घेऊन टाका दादा, गारपीट कोणाच्या हातात आहे?
भीती दाखवली की भाव आपोआप उतरतो.
हे मी कुठं बोललो नाही अजून.

डिसेंबर. अधिवेशनाचे दिवस,
बर्डीवर बॅरिकेड, गाळ्यावर शेकोटी.
पहाटे साडेपाचला तिनं स्क्रीन उघडली.
आम्ही दोघं मागे उभे, शालीत.
हो नव्हतं.
नाही, असंही नव्हतं.
पुढच्या फेरीत पुन्हा पाहू, असं सभ्य भाषेत.
बाजारात आम्ही याला म्हणतो, ढीग बाजूला लावला.

फळ मला हातात घेतलं की कळतं.
पोरीचा चेहरा नाही कळला.
'शब्द सुटला,' ती म्हणाली. 'आता मी मोकळी.'
मग ब्रश केला, आणि बाथरूममध्ये
नळ बराच वेळ चालू होता.

संध्याकाळी श्रावस्ती आली. दोघी गच्चीवर,
एक ब्लँकेट, दोन लॅपटॉप, आठ निबंध बाकी.
तुम्ही जिथून आलात त्या जागेविषयी लिहा,
साडेसहाशे शब्दांत.
आर्द्रानं खालून ओरडून विचारलं नाही,
वरूनच फोन केला:
'बाबा, झाडाले ताण किती दिवस देतात?'
मी म्हटलं, जमीन पाहून.
हलक्या जमिनीत कमी.
भारीत जास्त.
ती टाइप करत होती, ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी काटोलकडचे परसराम बेले आले.
मृगाची बाग, फळ झाडावर हिरवं,
पोराला ट्रॅक्टर हवाय, आत्ताच उक्ती घ्या म्हणाले.
मी इसाराची वही काढली. पेनाचं टोपण काढलं.
म्हटलं, 'मार्चपर्यंत थांबता येते का तुम्हाले?
चार जणांले दाखवा.'

त्यांनी मला नीट न्याहाळलं,
चष्म्यावरून, वरपासून खालपर्यंत.
'काऊन शेठ,' म्हणाले,
'भाव पाडून राहिले का?'